दोन सरकारांचं पिंप

आमच्या समुद्राला मीठ नाही, भरती नाही, ओहोटी नाही, काठावर नारळाचं एक झाड नाही. पण समिती आहे.

समुद्र म्हणजे धरणाचा फुगवटा हो. तापी अडवली तेव्हा पाणी मागे सरकत सरकत आमच्या डोंगरांत घुसलं आणि तिथंच बसलं. इकडची माणसं त्याला दर्या म्हणतात. एवढा मोठा की माझी इंजिनाची होडी सकाळी सोडली तर दुपारपर्यंत समोरचा काठ तोंड दाखवत नाही. या पाण्यातून दोन राज्यांची सीमा जाते. नेमकी कुठून जाते ते माशांना माहीत नाही, बगळ्यांना माहीत नाही, आणि ज्यांना त्यासाठी पगार मिळतो त्यांना तर मुळीच माहीत नाही.

मी मूळचा कोरीटचा. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचो. भुलीपाड्याला एका होडीला इंजिन बसवायला म्हणून आलो. ते इतकं पक्कं बसलं की मीही तिथंच बसलो.

भुलीपाड्याच्या बायका दर्यात मासे पाळतात. लोखंडी नळ्यांची चौकट, ती तरंगावी म्हणून खाली रिकामी पिंपं, आणि आत टांगलेलं जाळं. पाण्यातला गोठाच म्हणा. बोटाएवढी पिल्लं सोडायची, खाणं टाकायचं, आणि मासा हातभर झाला की चिंचपाड्याच्या नाहीतर नवापूरच्या बाजारात न्यायचा. या पिंजऱ्यांची म्होरकी मोतीबाई. घरात डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोलायची, बाजारात अहिराणी, भांडणात दोन्ही. तिचं जुनं गाव धरणात बुडालं तेव्हा ती कडेवर होती. बापानं घराचे सागाचे खांब उपटून डोंगरावर आणले आणि त्याच खांबांवर नवं घर उभं केलं, त्या खांबांना टेकून बसायची तिची सवय होती. जमीन गेली, मग उरलं पाणी. पाण्यावर पिंजरे आले. आता पिंजरेच तिचं शेत आणि पिंजरेच तिचा गोठा.

पिंजरे काठाच्या एका आत घुसलेल्या खोबणीत बांधले होते, वाऱ्यापासून आडोसा म्हणून. त्याच खोबणीत एक नाला येऊन मिळतो. नाल्यावर वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना. नाव सांगत नाही. नाव घेतलं की त्यांचा वकील पाण्यातून वर येतो.

कारखानदार मोठा धार्मिक माणूस. बाजाराच्या दिवशीच तो आपलं पाप दर्यात सोडायचा, कारण त्या दिवशी काठावर कोणी नसायचं. मग दर्याला रंग चढायचा. एका बाजाराला लाल, दुसऱ्याला जांभळा, दिवाळीच्या सुमारास तर असा हिरवा की पोपट येऊन त्यात आपली पिल्लं शोधत होते. एक पांढरा बगळा सकाळी पाण्यात उतरला आणि गुलाबी होऊन घरी गेला. बायकोनं त्याला घरट्यात घेतलं नाही. तो बिचारा अजून माझ्या होडीवर झोपतो. मी स्वतः एकदा डिझेल संपलं म्हणून त्या पाण्याचा एक तांब्या टाकीत ओतला. इंजिन सुरू तर झालंच, पण बंद करायला दोन माणसं लागली.

हसू नका. मासे हसले नव्हते. सगळे उताणे तरंगत वर आले, पोटं पांढरीफटक, तोंडं उघडी. पहिला पिंजरा गेला तेव्हा मोतीबाईनं तो मुकाट उपसला आणि खड्डा करून पुरला. दुसरा गेला तेव्हा ती माझ्याकडे आली.

"गिरधरभो, आम्हीन बाजारले गयूत, आनि आठे हाई व्हयनं. आते काय करवा?"

"सरकारले सांग."

"कोनता सरकारले? पाणी दोन्हीसनं शे."

"मग दोन्हीसले सांग."

हा सल्ला मी दिला. तेवढा एक सोडला तर माझे बाकीचे सल्ले चांगले असतात.

दोन्ही सरकारांना सांगितल्यावर जे होतं ते झालं. समिती आली. तिचं नाव एवढं लांब की पाटी लावायला दोन झाडं लागली: सामायिक जलाशयातील हानिकारक द्रव्यांच्या संयुक्त सनियंत्रणाची आंतरराज्य समिती. इकडचे साहेब हेमकांत, चष्मा डोक्यावर आणि डोकं फायलीत. तिकडचे रतिलालभाई, गोल, गोड, आणि कशालाही नाही न म्हणणारे, म्हणून त्यांच्याकडून काहीही न होणारे. दोघंही दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला निदान काम करावं लागतं.

त्यांच्याकडे नेम नव्हते, म्हणून त्यांनी नेम आणले. कुठल्याशा थंड मुलखात एक समुद्र आहे म्हणे, सात-आठ देशांचा मिळून. कोणाच्या काठावरून काय विष येतं ते मोजायला त्या देशांनी मोठी नेमावली केली आहे. हेमकांत साहेबांनी ती उचलली, मराठीत आणली, रतिलालभाईंनी गुजरातीत, आणि समुद्राच्या जागी जलाशय घातला. बाकी एक ओळ खोडली नाही. खोडायला दोन्ही राज्यांची संमती लागत होती.

पहिल्या खेपेला माझीच होडी भाड्यानं घेतली. नाल्याच्या तोंडाशी, जिथं सीमा आहे असं दोघांनी ठरवलं, तिथं एक मोठं पिंप नांगराला बांधून सोडलं. अर्धं निळं, अर्धं पिवळं. त्याला म्हणायचं केंद्र. इकडची होडी निळ्या बाजूला, तिकडची पिवळ्या बाजूला, दोन्ही साहेबांनी एकाच वेळी बाटली बुडवायची, एकाच वेळी यंत्राची सळई पाण्यात घालायची, एकमेकांच्या बाटलीला लाख लावायची. दोन्ही यंत्रं एकसारखं बोलली तरच खरं. मला ते लग्नातल्या अंतरपाटासारखं वाटलं, फक्त दोन्हीकडे नवरदेव आणि दोघांनाही लग्न नको.

मोतीबाई आणि तिची शेजारीण कालीबाई आपल्या लाकडी नावेतून बघत होत्या. पाणी त्या दिवशी काचेसारखं. का नसणार? खेपेची तारीख महिनाभर आधी सगळ्या संबंधितांना कळवायची असा नेम होता, आणि सगळ्यांत जवळचा संबंधित कारखाना. समितीचं दुपारचं जेवणही तिथूनच येत होतं. तारीख फक्त माशांना कळवली नव्हती.

हेमकांत साहेब एकेक नेम मोठ्यानं वाचत होते आणि रतिलालभाई मान हलवत होते.

"बर्फाची जाडी?"

"बरफ तो नथी, साहेब."

"शून्य लिहा. समुद्री पक्ष्यांची अंडी?"

"एक बगळो छे, गुलाबी."

"तो नोंदीत नाही. केंद्राला जिवंत जलचरांचा पिंजरा बांधलेला असावा. तो दोन्ही पक्ष एकत्र हजर असल्याशिवाय हलवू नये, उघडू नये."

"पिंजरा क्यांथी लाववानो?"

"तरतूद नाही. पुढे. सील प्राण्याच्या चरबीचा नमुना."

इथं दोघं थांबले. सील म्हणजे काय ते रतिलालभाईंनी हातानं काढून दाखवलं: काळं, गुळगुळीत, पाण्यात डुंबणारं, नाकाच्या भोकांनी फुरफुरणारं. त्याच वेळी काठाशी पाड्यातल्या बाज्याची म्हैस पाण्यात बसली होती. काळी, गुळगुळीत, फुरफुरत. दोन राज्यांचे डोळे एकाच वेळी तिच्यावर गेले. समितीच्या इतिहासातलं ते पहिलं एकमत.

बाज्या काठावरून ओरडला, "ओ साहेब, ती गाभण शे! तिले हात नका लावू!"

"चिंता करू नका, फक्त थोडी चरबी," हेमकांत साहेब म्हणाले.

रतिलालभाई सुई घेऊन उतरले. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि शिंगावर घेतलं. रतिलालभाई उडाले ते निळ्या बाजूनं पिवळ्या बाजूला, पिंपावरून, सीमा ओलांडून, आपल्याच राज्यात जाऊन पडले. हेमकांत साहेबांनी प्रामाणिकपणे नोंद केली: प्राणी आक्रमक, नमुना पुढील खेपेस.

पाण्याचा निकाल आला: उत्तम. दोन्ही बाजूंनी उत्तम. कारखान्याकडून आलेली जिलेबीही उत्तम.

पुढच्या बाजाराला पाणी शेंदरी झालं. मोतीबाई त्या दिवशी मुद्दाम बाजारला गेली नव्हती. माझ्याच फोनवरून तिनं साहेबांना लावला आणि होडीत उभी राहून ओरडली, "साहेब, आत्ता या! पाणी आत्ता खराब शे! मासा वर तोंड काढीसन श्वास ली ऱ्हायनात!"

तिकडून साहेबांचा आवाज, शांत, भरल्या पोटाचा. "मोतीबाई, एका बाजूनं घेतलेला नमुना ग्राह्य नाही. रतिलालभाईंना पत्र द्यावं लागेल, त्यांच्या वरच्यांची मंजुरी, मग तारीख..."

"तवलगून पाणी निवळी जाई!"

"मग चांगलंच आहे की."

मोतीबाईनं फोन कानापासून काढला, त्याच्याकडे बघितलं आणि मला परत दिला. एवढंच म्हणाली, "गिरधरभो, हाऊ तुन्हा फोन धुई टाक." तिसरा पिंजरा त्या संध्याकाळी गेला. बाकीचे अजून तगून होते. त्यातली पिल्लं अजून बाजारालायक नव्हती. ती गेली असती तर बायकांना पुन्हा ऊसतोडीला जावं लागणार होतं, कोयता घेऊन, पोराबाळांसकट, मुकादम नेईल तिकडे. एकदा तोडीला गेलेली पोरं शाळेत परत बसत नाहीत, हे मोतीबाईला तिच्या स्वतःच्या पोरांवरून माहीत होतं. पिंजरे त्यासाठीच घातले होते.

आता एक गोष्ट सांगतो, ती इकडे सगळ्यांना माहीत आहे, फक्त समितीला नव्हती. आमच्याकडे जाळं तरंगत राहावं म्हणून त्याला वाळलेले कडू भोपळे बांधतात. प्रत्येक घराचा भोपळा वेगळा. कोणी त्यावर चुन्याची रेघ ओढतं, कोणी मान तिरकी असलेलाच निवडतं. दर्यावर भोपळा दिसला की घर कोणाचं ते न विचारता कळतं. मोतीबाईनं सगळ्या घरांचे भोपळे मागून घेतले. पुढच्या बाजाराला नाल्याचं पाणी जांभळं उतरलं तेव्हा बायकांनी ते भोपळ्यांत भरलं, बुचं लावून मेणानं तोंडं बंद केली आणि सावलीत ठेवून दिले. लोणच्यासारखं.

समितीच्या दुसऱ्या खेपेला पाणी पुन्हा काचेसारखं. पिंपाभोवती बरेच भोपळे तरंगत होते, पाण्यानं भरल्यामुळे नुसत्या माना वर काढून. हेमकांत साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"हाऊ आमना देव शे," कालीबाईनं हात जोडून सांगितलं.

नेमावलीत स्थानिक श्रद्धांचा आदर करावा असं होतं. साहेबांनीही हात जोडले. रतिलालभाईंनी एका भोपळ्याला फूल वाहिलं.

मग साहेब म्हणाले, "एक, दोन, तीन," आणि दोन्ही राज्यांनी वाकून सळया पाण्यात घातल्या. त्याच क्षणी कालीबाईनं नावेतून बुचांना बांधलेली दोरी ओढली. सगळ्या भोपळ्यांची बुचं एकदम निघाली.

याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणू दे. पाणी त्याच जागेचं, त्याच नाल्याचं, त्याच कारखान्याचं. बाजाराच्या दिवशी जे आलं होतं ते समितीच्या दिवशी दाखवलं, एवढाच फरक. समितीला सवड नव्हती म्हणून पाण्यानं सवड काढली.

दोन्ही यंत्रं एकदम किंचाळली. निळ्या बाजूचं यंत्र लाल झालं, पिवळ्या बाजूचं आधी लाल, मग काळं, मग त्यातून धूर. हेमकांत साहेबांच्या पांढऱ्या बाहीला जांभळी किनार आली. ती अजून निघालेली नाही. साहेब आता तिला फॅशन म्हणतात. आकडे जुळले. पहिल्यांदाच दोन्ही राज्यांचे आकडे जुळले, आणि दोघांची तोंडं अशी झाली की घरात मेलेला उंदीर सापडलाय आणि पाहुणे दारात आहेत.

"आ तमारी बाजूथी आव्युं," रतिलालभाई म्हणाले.

"आकडे सारखे आहेत, रतिलालभाई. अर्धं तुमचं."

"तो अर्धं तमारुं."

मोतीबाई नावेत उभी राहिली. "साहेब, कोठून उनं ते मी दखाडस. हाऊ नाला. वर चला. घटकाभरनी वाट शे."

दोघांनी नाल्याकडे बघितलं. नाल्याच्या वरून समितीचा जेवणाचा टेम्पो येत होता. त्यांनी पुन्हा एकमेकांकडे बघितलं.

काठावरच्या जांभळीखाली बैठक बसली. आधी जेवले, कारण जेवण थंड होणं नेमात बसत नव्हतं. मग बराच वेळ चर्चा झाली. मी होडी पुसत जवळच होतो, मोतीबाई माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिला वाटत होतं आता कारखान्याला टाळं लागणार. मलाही क्षणभर तसं वाटलं, आणि माझ्यासारख्या माणसाला असं वाटणं किती लाजिरवाणं ते तुम्हाला नाही कळायचं.

शेवटी हेमकांत साहेबांनी निर्णय वाचला. "केंद्राच्या सध्याच्या जागी पाण्याची गुणवत्ता सनियंत्रणास योग्य नसल्याचं आढळलं. सबब केंद्र योग्य ठिकाणी हलवण्यात येत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "म्हणजे पाणी खराब निघालं म्हणून मोजायची जागा बदलायची?"

"खराब जागी मोजलं तर निकाल नेहमी खराबच येणार ना," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "त्याला अर्थ काय?"

बाज्याच्या म्हशीनंही असा ठोसा मारला नव्हता.

पुढचे कितीतरी दिवस समिती दर्यावर हिंडत होती. माझं इंजिन त्यांनीच तापवलं. इथं सळई घाल, तिथं घाल, नको, थोडं पुढे. दोन सरकारांनी मिळून अख्ख्या दर्यातली सगळ्यात स्वच्छ जागा शोधली. एवढी मेहनत त्यांनी घाण शोधायला घेतली असती तर पाण्यातल्या गोगलगायींनी त्यांना सत्कार करून शाली दिल्या असत्या. जागा सापडली मधोमध, खोल, मोकळ्या वाऱ्याची. तिथं पाणी उतरलं की उन्हाळ्यात एका जुन्या मोहाच्या झाडाचं वाळकं टोक वर येतं. त्यावर बगळे बसतात. त्या टोकाशेजारी पिंप नांगरलं, दोन्ही राज्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोतीबाई त्या दिवशी माझ्याच होडीत होती, कशाला आली ते तिनं सांगितलं नाही. ती झाडाच्या टोकाकडे बघत होती.

"साहेब," तिनं विचारलं, "हाई पाणी खरंच चांगलं शे?"

"मोतीबाई, संपूर्ण जलाशयात याच्याइतकं शुद्ध पाणी नाही. दोन राज्यांची सही आहे त्यावर."

"कायम चांगलं राही?"

"राहावंच लागेल. केंद्र आहे ना इथं."

"आनि हाई पिंप तुम्हीन आते कोठे हलावनार नहीत?"

"आता नाही. हलवायचं म्हटलं तर दोन्ही राज्यांची पुन्हा सगळी मंजुरी. तुमच्या-माझ्या हयातीत होणार नाही," साहेब अभिमानानं म्हणाले.

मोतीबाई खाली बसली आणि परत येईपर्यंत होडीतला दोर हातानं चाचपत राहिली. काठाला लागल्यावर तिनं माझा दंड धरला.

"गिरधरभो, तुन्हं इंजिन किती वढी?"

"डोंगर वढी."

"डोंगर नको. मन्हा पिंजरा वढ."

खोबणीतलं पाणी आता कोणी मोजत नव्हतं, म्हणून कारखान्याला बाजाराची वाट बघायचीही गरज उरली नव्हती. रोजच रंग. आणखी एक पिंजरा गेला होता. म्हणून आम्ही थांबलो नाही. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, उरलेले पिंजरे एकामागे एक बांधले, पुढे माझी होडी, दोन्ही बाजूंनी बायकांच्या नावा, मागे बाज्या ढोल घेऊन. जाळ्यांत मासे, वर बायका. इंजिनाला मी डिझेल घातलं आणि वर नाल्याच्या पाण्याचा एक तांब्या, हट्टानं. इंजिन असं गरजलं की नंदुरबारला ढग जमले. वाटेत वारा फिरला, एक दोर तुटला, एक पिंजरा आडवा होऊन खडकाकडे निघाला. कालीबाई लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि तो दातांनी धरून परत आणला. दातांनी म्हणतो ते थोडं वाढवून. पण दोर तिच्या तोंडात होता हे खरं.

संध्याकाळच्या आत सगळे पिंजरे दोन सरकारांच्या पिंपाला बांधले होते. निळ्या बाजूला थोडे, पिवळ्या बाजूला थोडे. मोतीबाईनं प्रत्येक गाठ स्वतः मारली. मग पिंजऱ्याच्या चौकटीवर बसून तिनं झाडाच्या टोकाला हात लावला, जसं घरात शिरताना उंबऱ्याला लावतात तसा. मला तेव्हाही कळलं नाही. इंजिनाच्या माणसाला असलं उशिरा कळतं.

तिसऱ्या खेपेला समिती आली आणि आपलं केंद्र बघून दोन्ही होड्या आपोआप थांबल्या. पिंपाभोवती मासे उड्या मारत होते. चौकटीवर मोतीबाई खाणं टाकत बसली होती.

"हे काय आहे?" हेमकांत साहेबांचा आवाज चिरकला. "कोणाच्या परवानगीनं?"

"साहेब, तुमना नेम शे. केंद्रले जित्ता मासासना पिंजरा पाहिजे. तुम्हीनच वाचं मन्हा समोर. तुमनाकडे तरतूद नव्हती. मी आना."

हेमकांत साहेबांनी फाईल उघडली. त्यांना ओळ सापडली. सापडल्यावर त्यांनी ती बोटानं झाकली, जणू बोटाखाली ती मरेल.

"आ तो... आ तो बराबर छे," रतिलालभाई कुजबुजले.

"बरोबर कसं असेल? ते शिंपल्यांचे पिंजरे होते! छोटे! हे काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

"काढा ना," मोतीबाई म्हणाली. "मी आडवस नही."

हेमकांत साहेबांनी गाठीला हात घातला. रतिलालभाईंनी त्यांचा हात धरला. "साहेब, ए गांठ अमारी बाजू पर छे. तमे अमारी बाजू पर हाथ न लगाडी शको."

"मग तुम्ही सोडा!"

"एकला? नेम छे ने. बेउ राज्यनी मंजूरी साथे."

"आणा मग मंजुरी!"

"कागळ लखो. महिनो, बे महिना..."

मी होडीत बसून होतो. इतकं सुंदर भांडण मी आयुष्यात पाहिलं नाही. थंड मुलखातल्या सात-आठ देशांनी डोकं फोडून जे नेम केले, ते पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होते, आणि ते देश तिकडे बर्फ मोजत बसले होते.

हेमकांत साहेबांनी शेवटचा डाव टाकला. आवाज खाली आणला, प्रेमानं, जसा गरिबाला आणतात. "मोतीबाई, हे बघा. ही जागा सरकारी आहे. दोन सरकारांची. इथं तुमचा काय हक्क?"

मोतीबाईनं हातातलं उरलेलं खाणं पाण्यात झटकलं. मासे धावले. तिनं झाडाच्या टोकाकडे बोट केलं.

"हाऊ मव्हा दखनात? आमना आंगनमा व्हता. मन्ही आजी याना खाले फुलं येचे. खाले मन्हं घर शे, साहेब. खांब तेवढा काढी लयनूत, भिती आठेच ऱ्हायन्यात. मी तुमना पिंपले नही बांधं. मी मन्हा घरले बांधं. तुमनं पिंप मन्हा आंगनमा उनं."

रतिलालभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. हेमकांत साहेबांनी पाण्याकडे बघितलं, जणू खाली खरंच कोणी अंगण झाडत असेल.

मग त्यांनी सवयीनं सळई पाण्यात घातली. रतिलालभाईंनीही घातली. दोन्ही यंत्रं म्हणाली: उत्तम. नोंदीत चढलं: केंद्रातील जलचर सुदृढ. त्यावर दोन्ही राज्यांची सही झाली, आणि सही झाली म्हणजे पिंजरे केंद्राचेच झाले. वरच्या कचेरीत म्हणे या कामाबद्दल दोघांचा गौरव झाला. जिवंत जलचरांचा पिंजरा ठेवणारं हे सगळ्या मुलखातलं एकमेव केंद्र. असणारच. बाकीच्यांकडे मोतीबाई नाही.

नाल्याचं तोंड अजून रोज रंगतं. तिथं आता कोणी मोजत नाही, म्हणून तिथं घाण नाही. कारखान्याच्या दारावर पाटी लागली आहे, पर्यावरणस्नेही. तिला हिरवा रंग कुठून दिला असेल ते मी सांगत नाही.

निघताना रतिलालभाई पिंजऱ्यावर वाकून बघत होते. एक मासा हाताएवढा झाला होता, चांदीसारखा. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"मोतीबेन, एक आपो ने. घरे लई जाऊं."

"नही जमाव, भाई," मोतीबाई म्हणाली. "केंद्रना मासा शे. दोन्ही सरकारं एकत्र येवानं, मंजुरी लेवानी, मंगच हलावता येस."

"पण बाजारमां तो तमे लई जाओ छो!"

"आम्हीन कोठे लयजातंस? आते पाणी चांगलं शे. मासा तयार व्हयना की बाजारना दिन सकायले आपला आपला उठस, आनि चालाले लागस."

रतिलालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मीही त्या माशांना चालताना पाहिलं आहे, चिंचपाड्याच्या रस्त्यानं, एका रांगेत, शेपट्या आपटत.